देव नाही मानला, तर जगायचं कशासाठी? महाराष्ट्रातल्या नास्तिकांची उत्तरं काय होती?

'मी देव मानत नाही' असं कुणी सोशल मीडियावर लिहिलं की खाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास येतात. पहिली असते, 'संकट आलं की आठवेल देव.' दुसरी असते, 'देवच नाही, मग जगण्याला अर्थ काय उरला?'

पहिली कमेंट टोमणा आहे, ती सोडून देता येते. दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे. तो फक्त आस्तिक विचारतात असंही नाही. नुकताच देवावरचा विश्वास उडालेली अनेक तरुण मुलं-मुली रात्री उशिरा स्वतःलाच हा प्रश्न विचारत असतात. वरती कुणी बघत नाही, मागचा जन्म नाही, पुढचा जन्म नाही, मोक्षही नाही. मग सकाळी उठून धडपड करायची ती कशासाठी?

या प्रश्नाची उत्तरं शोधायला युरोपातल्या तत्त्वज्ञांकडेच जायला हवं असं नाही. महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षं माणसांनी देवाशिवाय आयुष्य काढून दाखवलं आहे. ती कशी जगली, कशासाठी जगली आणि दुःख आलं तेव्हा त्यांनी काय केलं, हे समजून घेऊया.

नास्तिक म्हणजे नेमकं कोण?

आज आपण 'देव न मानणारा' या अर्थाने नास्तिक हा शब्द वापरतो. जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे चार्वाक, बौद्ध आणि जैन ही दर्शनं नास्तिक ठरली. याउलट जगाचा निर्माता ईश्वर न मानणारं मूळचं सांख्य दर्शन वेद मानतं, म्हणून ते आस्तिक!

आणखी दोन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. देव आहे की नाही हे माणसाला कळूच शकत नाही, असं म्हणणारा अज्ञेयवादी. कोणतीही गोष्ट पुरावा आणि तर्क यांच्या कसोटीवर तपासून घेणारा विवेकवादी किंवा बुद्धिप्रामाण्यवादी. बरेच नास्तिक विवेकवादी असतात, पण प्रत्येक समाजसुधारक नास्तिक नसतो. महात्मा फुले यांनी पुरोहितशाहीवर कडाडून टीका केली, पण ते जगाचा 'निर्मिक' मानत होते.

भारतात नास्तिकांची संख्या कागदावर अगदी कमी आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनी स्वतःची नोंद नास्तिक म्हणून केली. त्यात साडेनऊ हजारांहून जास्त जण महाराष्ट्रातले होते, म्हणजे सगळ्या राज्यांमध्ये सर्वाधिक. देव न मानणारे पण कागदावर जन्माचाच धर्म लिहिणारे यात मोजले जात नाहीत.

वेरूळचा एक साधा हिशोब

छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम तीस किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. लोकांसाठी खुल्या असलेल्या क्रमांकित लेण्यांची संख्या ३४. त्यातली १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. बौद्ध आणि जैन मिळून होतात १७.

म्हणजे वेरूळच्या डोंगरातली निम्मी लेणी अशा परंपरांची आहेत, ज्यांच्या तत्त्वज्ञानात हे जग निर्माण करणारा ईश्वर नाही. या परंपरांमध्ये कर्म आहे, पुनर्जन्म आहे, पूजाही आहे, त्यामुळे त्यांना आजच्या अर्थाने नास्तिक म्हणणं बरोबर नाही. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. निर्माता ईश्वर वगळला की माणसाकडे करुणा, शिस्त, कला किंवा ध्येय उरत नाही, हा समज टिकत नाही. पिढ्यानपिढ्या दगड फोडत बसणाऱ्या माणसांना ध्येय नव्हतं असं कोण म्हणेल?

चार्वाकाचं काय? 'कर्ज काढून तूप पिणारा' अशी त्याची प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की आहे. अडचण अशी की चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास शिल्लकच नाहीत. त्यांच्याबद्दल जे कळतं ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या ग्रंथांतून. आ. ह. साळुंखे यांनी 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' हे पुस्तक लिहून या प्रतिमेची फेरतपासणी केली. त्यामुळे 'देव नाही मानला की माणूस चैनीला लागतो' हे सांगायला चार्वाकाचा दाखला देताना जरा जपून.

अर्थ सापडतो की तयार करावा लागतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संभाजीनगरची हिमरू शाल डोळ्यांसमोर आणा. शाल मागावर चढण्याआधी तिची नक्षी ठरलेली असते. ती कशासाठी आहे, हे विणणाऱ्याला आधीच माहीत असतं.

माणसाचंही असंच आहे, असं धर्म सांगतो. विणणारा वर आहे आणि नक्षी त्याला ठाऊक आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ पॉल सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिसमध्ये दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानात याच्या उलट मांडणी केली. वस्तू आधी हेतू ठरवून बनवली जाते, पण माणूस आधी जन्माला येतो आणि काय व्हायचं ते नंतर स्वतःच्या कृतीतून ठरवतो. थोडक्यात, शाल स्वतःच स्वतःला विणत जाते.

ऐकायला हे छान वाटतं, पण यात जबाबदारीही मोठी आहे. 'देवाची इच्छा' किंवा 'नशीब' म्हणून हात झटकता येत नाहीत. जे विणलं ते आपलंच.

इथे एक घोळ सोडवायला हवा. 'विश्वाला अर्थ आहे का?' आणि 'माझ्या आयुष्याला अर्थ आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नास्तिक 'नाही' असं देईल. त्यावरून दुसऱ्याचंही उत्तर 'नाही' असं होत नाही. क्रिकेटच्या सामन्याचं विश्वाला काही देणंघेणं नाही, पण शेवटच्या षटकात श्वास रोखून बसलेल्या माणसाला तो सामना निरर्थक वाटत नाही. महत्त्व कुणाला वाटतं, यावर अर्थ अवलंबून असतो. आणि माणसांना गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, हे तर उघडच आहे.

आगरकर: काम हाच आधार

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावचा. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेला हा माणूस देव, परलोक, पापपुण्याचा हिशोब यातलं काही गृहीत धरत नव्हता. शिक्षण पाहता त्यांना सरकारी नोकरीत बरा पगार मिळाला असता. त्यांनी कमी पैशांत शाळा-कॉलेजात शिकवणं निवडलं. 'केसरी'चे ते पहिले संपादक. टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला.

बालविवाह, केशवपन, जातिभेद यांवर ते थेट लिहीत. चिडलेल्या सनातनी मंडळींनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेल्या शरीराने ते काम करत राहिले आणि १८९५ मध्ये, वयाची ३९ वर्षं पूर्ण होण्याआधीच गेले. तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते.

त्यांना स्वर्गाची आशा नव्हती, तरी ते असे का जगले? आगरकरांच्या विचाराचा गाभा असा होता की, माणसांचं सुख वाढवायचं तर ते याच जगात, याच आयुष्यात वाढवावं लागेल. परलोकात भरपाई होणार नसेल, तर इथला अन्याय जास्त तातडीचा होतो. विधवेचं दुःख 'मागच्या जन्माचं फळ' राहत नाही. ते आपण थांबवू शकतो असं दुःख होतं.

र. धों. कर्वे: टाळ्या नाहीत, तरी २६ वर्षं

महर्षी कर्व्यांचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक आणि पक्का नास्तिक, अशी रघुनाथ धोंडो कर्वे यांची ओळख सांगता येईल. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामामुळे त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे २६ वर्षं ते चालवलं. लैंगिक शिक्षण, संततिनियमन, स्त्रियांचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क हे विषय तेव्हा उच्चारणंही अवघड होतं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू लढवायला बॅरिस्टर म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण मासिक बंद पडलं नाही.

पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. दोघांनी मूल होऊ दिलं नाही. म्हणजे 'वंशाचं नाव चालवायचं' हा जगण्याचा नेहमीचा हेतूही इथे नव्हता. हयातीत फारसा मान मिळाला नाही. तरी मासिकाचा अंक महिन्याच्या महिन्याला निघत राहिला. अर्थासाठी यश किंवा वाहवा लागतेच असं नाही, हे यातून दिसतं. काम बरोबर आहे, एवढी खात्री पुरते.

नागसेनवनातला विचार

१९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेज सुरू केलं. पुढे त्याला नाव मिळालं मिलिंद महाविद्यालय आणि परिसराला नागसेनवन. ही दोन्ही नावं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातली. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो.

त्यात रथाचा प्रसिद्ध दाखला आहे. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही. हे सगळं विशिष्ट रीतीने जुळून येतं तेव्हा आपण त्याला रथ म्हणतो. माणूसही असाच, आत वेगळा कायमचा आत्मा नाही. आयुष्याच्या अर्थालाही हा दाखला लावून पाहता येतो. नोकरी म्हणजे अर्थ नाही, नातं म्हणजे अर्थ नाही, छंद म्हणजे अर्थ नाही. पण हे सगळं जुळून येतं तेव्हा आयुष्य चालतं.

आंबेडकरांना नास्तिकांच्या यादीत सरळ बसवता येत नाही. माणसाला धम्म हवा, असं त्यांचं ठाम मत होतं. पण त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यात फरक केला. धर्मात जे स्थान ईश्वराला आहे, ते धम्मात नीतीला आहे. जग कसं निर्माण झालं हे सांगणं हा धम्माचा हेतू नाही, जगाची नव्याने उभारणी करणं हा आहे. देव नाही म्हणून नीती सुटत नाही, उलट नीती मध्यभागी येते, असा याचा अर्थ.

मराठवाड्यातलंच दुसरं नाव नरहर कुरुंदकर यांचं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे हे प्राचार्य स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत. पण 'मनुस्मृती'पासून नाट्यशास्त्रापर्यंत आणि शिवचरित्रापर्यंत सगळ्या परंपरेचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. देव न मानणं म्हणजे आपल्या संस्कृतीकडे पाठ फिरवणं नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. वय होतं ४९.

मुस्लिम समाजात हेच काम हमीद दलवाई करत होते. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता ते गेले. आपल्यावर धार्मिक अंत्यसंस्कार करू नयेत, अशी त्यांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे त्यांचं दहन करण्यात आलं.

पण दुःख आलं तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. काम, ध्येय, नीती सगळं ठीक, पण जवळचं माणूस गेलं की काय? आस्तिक माणूस 'देवाची मर्जी' म्हणून मान खाली घालू शकतो. नास्तिकाकडे ते वाक्य नसतं.

डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे सर्जन आणि मराठी रंगभूमीवरचे दिग्गज नट. 'देवाला रिटायर करा' असं जाहीरपणे म्हणणारे. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर रेल्वेने प्रवास करत असताना बाहेरून भिरकावलेला दगड लागून जखमी झाला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. कुणी कशासाठी फेकलेला दगड, आणि एक आयुष्य संपलं. यात कसलाही संकेत, हेतू किंवा न्याय शोधून सापडणार नाही.

'संकट आलं की आठवेल देव' या कमेंटची याहून कठीण परीक्षा कोणती असणार? लागू यांची मतं बदलली नाहीत. दुःख कमी होतं असंही नाही. लागू दांपत्याने मुलाच्या नावाने रंगभूमीवरच्या कलावंतांसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. मुलगा का गेला, याला उत्तर नव्हतं. तो गेल्यानंतर त्याच्या नावाने काय करायचं, हे मात्र त्यांच्या हातात होतं.

नास्तिकतेची मर्यादा इथे प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ती मृत्यूनंतरच्या भेटीचं आश्वासन देऊ शकत नाही. मात्र 'तुझ्याच कर्माचं फळ' हा दुखावणारा सल्लाही देत नाही. लहान मूल आजारी पडलं तर त्यात आई-वडिलांचं पाप शोधावं लागत नाही.

देव न मानणं हेच ध्येय होऊ शकतं का?

याच मुद्द्यावर महाराष्ट्रात एक सुंदर वाद झाला. लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जाहीर वाद-संवादाचा कार्यक्रम गावोगावी व्हायचा. देव ही कल्पनाच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा आहे, अशी लागूंची भूमिका. दाभोलकर संघटनेची भूमिका मांडत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाला किंवा धर्माला विरोध करत नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना करते.

मतभेद असूनही दोघांनी एकत्र काम केलं. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी लागू, निळू फुले आणि इतर कलाकारांनी 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग केले. दाभोलकरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, 'साधना' साप्ताहिकाचं संपादन केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षाअखेर कायदा झाला.

'देव नाही' हे फक्त एक मत आहे. त्यावर दिवसभर ऑनलाइन वाद घालता येतो, पण आयुष्य उभं करता येत नाही. वर उल्लेख केलेल्या एकाही माणसाचं आयुष्य निव्वळ देवाला नाकारण्यात गेलं नाही. शिक्षण, स्त्रियांचं आरोग्य, ज्ञान, नाटक, व्यसनमुक्ती अशा कशाला तरी त्यांनी हो म्हटलं.

एकटेपणाचं काय करायचं?

मंदिर, मशीद, दिंडी, भजनी मंडळ, सप्ताह. या जागांवर देव भेटतो की नाही हा वादाचा विषय, पण माणसं नक्की भेटतात. नास्तिक झालेल्या तरुणाला बहुतेकदा हीच उणीव जाणवते.

२०१० मध्ये चायून लिम आणि रॉबर्ट पुटनम या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या लोकांची पाहणी करून एक निष्कर्ष मांडला. नियमित चर्चमध्ये जाणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, पण त्यामागचं मोठं कारण होतं तिथे जुळलेली घट्ट मैत्री. चर्चमध्ये जाऊनही तिथे मित्र नसलेल्यांना तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे देव सोडला तरी माणसं सोडू नका. गणपतीत ढोल वाजवायला, ईदला मित्राच्या घरी शीरखुर्मा प्यायला, आजीला पंढरपूरला घेऊन जायला श्रद्धेची अट नसते. वाचनगट, ट्रेकिंग ग्रुप, नाटकाची तालीम, रक्तदान शिबिर, वस्तीतला अभ्यासवर्ग हेही एकत्र येण्याचेच मार्ग आहेत.

व्यवहारात कायदा काय म्हणतो?

• राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. आपला धर्म कोणता, हे सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'कोणताही धर्म नाही' असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी २०१३ मध्ये, शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार देणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूनेही निकाल लागला होता.

• वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे कलम ५१ क नुसार नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं.

• शपथ घेताना देवाचं नाव घेणं बंधनकारक नाही. कोर्टात आणि विधिमंडळात गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते.

• विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार धार्मिक विधी न करता लग्न करता येतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसमोर नोंदणी करायची.

• देव मानला नाही म्हणून वारसा वगैरेंचा वैयक्तिक कायदा आपोआप बदलत नाही.

• मृत्यूनंतर विधी नको असतील तर नेत्रदान आणि देहदान हे पर्याय आहेत. देहदानाचा अर्ज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. शेवटी निर्णय घरचे घेतात, त्यामुळे आपली इच्छा लिहून ठेवा आणि घरच्यांना तोंडी सांगूनही ठेवा.

निरर्थक वाटणं आणि नैराश्य यात फरक आहे

'सगळं निरर्थक आहे' हा कधीकधी विचार असतो, तर कधी आजाराचं लक्षण. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर तत्त्वज्ञानाची पुस्तकं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. जीव देण्याचा विचार मनात येत असेल तर थांबू नका. सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते. मदत आस्तिकालाही लागते आणि नास्तिकालाही.

मग उत्तर काय?

एकच उत्तर नाही, आणि बहुधा तेच उत्तर आहे. आगरकरांचं आयुष्य कुरुंदकरांना जगता आलं नसतं आणि कर्व्यांचं लागूंना. प्रत्येकाने आपल्यासमोर जे काम आलं, जी माणसं आली, जे दुःख आलं त्यातून स्वतःचं उत्तर तयार केलं.

देव मानणाऱ्याला हा लेख पटवण्यासाठी नाही. ज्याचा विश्वास उडाला आहे आणि आता पायाखाली काहीच नाही असं ज्याला वाटतं आहे, त्याला एवढंच सांगता येईल की या वाटेने आधी बरेच लोक गेले आहेत आणि भरलेलं आयुष्य जगून गेले आहेत. उद्या सकाळी कुणाला तुमची गरज आहे, एवढा एकच प्रश्न घेऊन सुरुवात करता येते.